हळू आवाजात दडलेला दोष : १९७८ च्या एका अँप्लिफायरचं प्रकरण

"अगं, डावीकडचा आवाज जातो. पण जरा मोठा केला की परत येतो."

मामांनी तक्रार म्हणून एवढंच सांगितलं आणि अँप्लिफायर माझ्या हवाली केला. १७ किलोचं ते धूड आम्ही दोघांनी मिळून टेबलावर चढवलं. त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं, पण मला ते दोन संध्याकाळी वाया गेल्यावर कळलं.

यंत्राबद्दल आधी थोडं. हा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आहे, म्हणजे प्री (सिग्नल निवडणारा, सूर जुळवणारा भाग) आणि पॉवर (स्पीकर चालवणारा भाग) एकाच पेटीत. साल १९७८. ८ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक चॅनलला ७५ वॅट. पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, टोनची बटणं, लाउडनेसची कळ, रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो इनपुट. मामांनी तो नवा घेतला, तीसेक वर्षं जवळजवळ रोज ऐकला, मग डावा चॅनल रुसायला लागला तसा कपाटात ठेवला. तिथे तो ११ वर्षं होता. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इथे आलेले दोष कारखान्याचे नाहीत, वयाचे आहेत, आणि त्या काळातल्या कितीतरी उत्तम यंत्रांत ते जसेच्या तसे सापडतात.

त्या पिढीचे अँप्लिफायर इतके जड का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं एक कारण कायद्यात आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅटचे आकडे कसे मोजायचे याचा नियम लागू केला. त्याआधी जाहिरातीत कुणीही कसलाही आकडा छापत असे. नव्या नियमानुसार मोजणीआधी अँप्लिफायर एक तास एक-तृतीयांश पॉवरवर चालवावा लागे. क्लास एबी सर्किटमध्ये, म्हणजे जिथे दोन ट्रान्झिस्टर सिग्नलचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात, साधारण त्याच पट्ट्यात आउटपुट ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात. म्हणजे परीक्षाच तापमानाची झाली, आणि ती उत्तीर्ण व्हायला मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे भाग) लागले. त्यात वॅटची शर्यतही जोरात होती. पायोनियरच्या १९७६ च्या एसएक्स-१२५० ची पॉवर चॅनलमागे १६० वॅट होती, १९७८ च्या एसएक्स-१९८० मध्ये ती २७० वर गेली. आज हे जुने अँप्लिफायर हातात येतात तेव्हा त्या शर्यतीतलं लोखंड आणि तांबं आपल्याला आयतं मिळालेलं असतं. ट्रान्सफॉर्मर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं लहानसहान सामान.

चालू करण्याआधी

११ वर्षं बंद असलेला अँप्लिफायर थेट भिंतीच्या प्लगमध्ये खुपसू नये, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन. आधी झाकण काढलं. पाठीमागच्या फ्यूजजवळ ३ अँपिअर छापलेलं होतं, आत मात्र ८ अँपिअरचा फ्यूज बसवलेला. पूर्वी कधीतरी फ्यूज उडाला असणार आणि हाताला लागला तो कुणीतरी घातला असणार. असा फ्यूज वेळेवर उडत नाही, त्याच्याआधी दुसरं काहीतरी जळतं. तो बदलला.

मग व्होल्टेजचा सिलेक्टर पाहिला. तो २२० वर होता. माझ्याकडे प्लगमध्ये २३६ व्होल्ट येतात. म्हणजे आतला प्रत्येक व्होल्टेज ७ टक्क्यांनी वर जाणार. ४५ व्होल्टचे पॉवर रेल (आउटपुट ट्रान्झिस्टरचा पुरवठा) ४८ च्या पुढे, आणि त्यासोबत उष्णताही. सिलेक्टर २४० वर नेला. त्याला पैसा लागत नाही, एका मिनिटाचं काम आहे, आणि जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवणारी याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही.

त्यानंतर व्हेरिअ‍ॅक (मेनचं व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि सिरीज बल्ब. मेनच्या वाटेत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज हळूहळू, तीन तासांत चढवलं. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचा इन्सुलेटर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो थर विरळ होतो आणि गळती वाढते. सावकाश व्होल्टेज दिलं तर थर पुन्हा धरतो. एकदम दिलं तर कॅपॅसिटर तापून फुटूही शकतो.

बल्ब मंद झाला. पण स्पीकरच्या रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कळीची, ‘टक्’ ऐकू आली नाही. बल्ब वाटेत असताना व्होल्टेज कमी पडतं, त्यामुळे कधीकधी रिले ओढलाच जात नाही. घाबरायचं कारण नव्हतं. बल्ब काढून थेट जोडल्यावर चार सेकंदांनी रिले वाजला.

आत हात घालण्याआधी दर वेळी मोठे फिल्टर कॅपॅसिटर रिकामे केले. १५,००० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये ४५ व्होल्टला सुमारे १५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची पद्धत मला मान्य नाही. २२० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना धरला की वीसेक सेकंदांत काम होतं, मग मीटरने खात्री करायची.

दोन वाया गेलेल्या संध्याकाळी

डावा चॅनल जातो-येतो म्हटल्यावर माझा संशय व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरवर) आणि कळांवर गेला. टेप मॉनिटरची कळ, टोन बंद करायची कळ, इनपुट सिलेक्टर, सगळे उघडे संपर्क. संपर्क साफ करायचं योग्य द्रव मारून प्रत्येक कळ चाळीस-पन्नास वेळा इकडून तिकडे केली. पॉटची खरखर गेली, टेप मॉनिटरची कुरकुर गेली. हे सगळं करायला हवंच होतं. पण मूळ तक्रार होती तिथेच राहिली.

मग मामांचं वाक्य आठवलं. मोठा केला की परत येतो. पॉटचा किंवा कळीचा दोष असता तर बटण हलवल्यावर आवाज आला असता, कोणत्या आवाजावर आहोत याने फार फरक पडला नसता. इथे आवाज परत येत होता तो सिग्नल मोठा झाल्यावर. म्हणजे वाटेत असं काहीतरी होतं जे छोट्या व्होल्टेजला अडवतं आणि मोठ्यापुढे हार मानतं.

ऑसिलोस्कोप लावला. ८ ओहमचा डमी लोड, म्हणजे स्पीकरऐवजी मोठा रेझिस्टर. रिलेच्या अलीकडे डाव्या चॅनलवर ५० मिलिव्होल्ट, अगदी स्थिर. रिलेच्या पलीकडे ३३. म्हणजे रिलेच्या संपर्कातच ४ ओहम खर्च होत होते, आणि टेबलावर बोट आपटलं की आकडा बदलत होता. सिग्नल ८-१० व्होल्टपर्यंत वाढवला की दोन्ही बाजू सारख्या. उजव्या चॅनलच्या संपर्कात मात्र मोजता येण्यासारखा काही अडथळाच नव्हता.

हा रिले स्पीकरच्या रक्षणासाठी असतो. चालू करताना येणारा धक्का तो स्पीकरपर्यंत जाऊ देत नाही, आणि आउटपुटवर डीसी आलं तर स्पीकर तोडून वेगळा करतो. पण त्यामुळेच आवाजाचा प्रत्येक कण त्याच्या दोन इवल्या संपर्कांतून जातो. ते चांदीचे असतात. हवेतल्या गंधकाने चांदीची भांडी जशी काळी पडतात तसे तेही काळवंडतात. मोठं व्होल्टेज तो काळा थर भेदून जातं, छोटं जात नाही.

आवाज कमी होणं हा यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा अडथळा) साधारण ०.१ ओहम आहे, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर डॅम्पिंग फॅक्टर, दोन्हींचं गुणोत्तर, ८०. वाटेत ४ ओहम आले की तो २ च्याही खाली जातो. स्पीकरच्या कोनवरची अँप्लिफायरची पकड सुटते. मामा म्हणायचे, "डावा जरा ढिला वाजतो." ते शब्दशः खरं होतं.

रिले उघडून संपर्क साफ करता येतात. कागदाची पट्टी द्रवात भिजवून दोन संपर्कांमध्ये हलकेच ओढायची. पॉलिश पेपर नको, वरचा चांगला थर त्याने जातो. मी आधी तसं केलं, आणि डावा चॅनल लगेच सरळ झाला. पण इतका खाल्लेला संपर्क फार दिवस टिकत नाही. म्हणून २४ व्होल्टच्या कॉइलचा, तेवढ्याच क्षमतेचा बंदिस्त रिले आणून बसवला. पाय जुळत नव्हते, तर छोट्या तारा जोडल्या. हे करताना माझी एक चूक झाली. सोल्डरिंग आयर्न जास्त गरम होतं आणि जुन्या तपकिरी बोर्डवरचा तांब्याचा एक पट्टा उचलला गेला. तो तारेने जोडून घेतला, पण या बोर्डांचा गोंद आता पूर्वीसारखा धरत नाही. कमी तापमान, थोडा वेळ आणि जुना सोल्डर आधी पूर्ण काढून घेणं, ही काळजी तिथे हवीच.

बायस

रिले बदलल्यावर बहुतेक लोक थांबतील. आवाज आला, काम झालं. मी पुढे गेले, कारण डाव्या बाजूला तंतुवाद्याची तार छेडल्यावर विरत जाणारा नाद शेवटी शेवटी किंचित खडबडीत होत होता. मोठ्या आवाजात नाही. अगदी मिटत आल्यावर.

क्लास एबी सर्किटमध्ये सिग्नलचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. दोघांची अदलाबदल जिथे होते तिथे सांधा दिसू नये म्हणून दोघांनाही कायम थोडा करंट वाहता ठेवतात. तो बायस. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट हवेत, म्हणजे साधारण ४२ मिलिअँपिअर. तासभर चालवून मोजलं. डावीकडे ३ मिलिव्होल्ट. उजवीकडे ६१.

म्हणजे डावा उपाशी होता आणि उजवा अति खाऊन तापत होता. उजव्या आउटपुट जोडीत काहीही न वाजवता ११-१२ वॅट जळत होते, हव्या त्याच्या तिप्पट. हात लावून हीटसिंकमधला फरक कळत होता.

कारणं दोन्हीकडे वेगळी निघाली. डावीकडे बायस ठरवणारा प्रीसेट (एकदा जुळवून ठेवायचा छोटा बदलता रेझिस्टर) उघडा, कार्बनचा. त्याची सरकती जीभ नीट टेकत नव्हती. या सर्किटमध्ये प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरच्या मध्ये आहे, त्यामुळे संपर्क सुटला की बायस घटतो. मूळ रचनाकाराने हे विचार करून केलं असणार. उलट बाजूला असता तर संपर्क सुटताच बायस कमाल झाला असता आणि आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असते. उजवीकडे प्रीसेट ठीक होता, पण बेस आणि कलेक्टरमधला २.२ किलोओहमचा रेझिस्टर उष्णतेने वाढून २.३८ झाला होता. एवढासा फरक, पण बायससाठी ८ टक्के खूप झाले.

दोन्ही बाजूंना बंदिस्त, अनेक फेऱ्यांचे प्रीसेट घातले, तो रेझिस्टर मेटल फिल्मचा घातला. प्रीसेट घालताना तो किमान बायसच्या बाजूला आहे याची मीटरने आधी खात्री केली, मग हळूहळू २० वर आणला, तासाने पुन्हा जुळवला.

आता या आकड्यांचा ऐकण्याशी संबंध काय, ते सांगते, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते याच गणिताने. ४२ मिलिअँपिअर बायस असला की ८ ओहमवर साधारण २९ मिलिवॅटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र चालू असतात, म्हणजे तिथवर हा अँप्लिफायर क्लास ए मध्ये असतो. मामांच्या स्पीकरची संवेदनशीलता १ वॅटला ८६ डेसिबल. २९ मिलिवॅटला एक मीटरवर ७१ डेसिबल होतात. रात्री शांत घरात ऐकतो तो बहुतेक आवाज त्याच्या आत येतो! ७५ वॅटचं हे यंत्र, पण ऐकणं घडतं ते वॅटच्या शंभराव्या भागात. डाव्या चॅनलची हीच सीमा अर्ध्या-पाऊण मिलिवॅटवर, सुमारे ५४ डेसिबलवर आली होती. त्यापुढे प्रत्येक स्वर त्या उघड्या सांध्यावरून ठेचकाळत जात होता. संगणकाच्या साउंड इंटरफेसने ५० मिलिवॅटला मोजलं तेव्हा डावीकडे विकृती ०.२१ टक्के होती आणि त्यात वरचे विषम हार्मोनिक भरलेले, जे कानाला सर्वांत जास्त टोचतात. उजवीकडे ०.०२ च्या आत. बायस जुळवल्यावर दोन्ही बाजू जवळजवळ एकसारख्या झाल्या.

जुन्या अँप्लिफायरची जाहिरातीतली विकृती सहसा मोठ्या पॉवरची असते. आपल्या कामाची मोजणी दुसऱ्या टोकाला आहे. दुरुस्तीला दिलेला अँप्लिफायर परत घेताना ‘किती वॅट निघाले’ याऐवजी ‘बायस किती मिलिव्होल्ट लावला, गरम झाल्यावर मोजला का’ हे विचारावं.

उजव्या चॅनलला आणखी एक दुखणं होतं. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही बारीक चुरचुर येत असे, आणि आउटपुटवर ९४ मिलिव्होल्ट डीसी होतं, गरम झाल्यावर १४० पर्यंत जाणारं. ५० च्या वर मला चैन पडत नाही. इनपुटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर आवाज करायला लागला होता. गोठवणारा स्प्रे थेंबभर मारला की चुरचुर बदलायची, त्यावरून तो सापडला. मग डाव्या-उजव्या दोन्हीकडे केएसए९९२ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या घातल्या. पाय जुळतात का हे डेटाशीटवर पाहून, गेन ५ टक्क्यांच्या आत जुळवून, आणि दोघांचे चपटे भाग एकमेकांना चिकटवून, म्हणजे तापमान सारखं राहील. डीसी ११ आणि ८ मिलिव्होल्टवर आलं. चुरचुर गेली.

सगळेच कॅपॅसिटर बदलायचे का?

इथे माझा आणि दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या माझ्या मित्राचा वाद झाला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं : "उघडलाच आहेस तर सगळे इलेक्ट्रोलिटिक काढ. पंचेचाळीस वर्षं झाली त्यांना. पुन्हा कोण झाकण काढणार?" आउटपुट ट्रान्झिस्टरही नव्या पिढीचे घाल, असा त्याचा आग्रह होता.

त्याच्या बाजूला अनुभव आहे. रोज दहा यंत्रं हाताखालून जाणाऱ्या माणसाला प्रत्येक भाग मोजत बसणं परवडत नाही, आणि काम परत आलं तर नाव त्याचं जातं. पण मी ऐकलं नाही. सुक्याबरोबर ओलं जाळायची इथे गरज नव्हती. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वयापेक्षा उष्णतेने जातो. तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. मग एकाच पेटीत एक कॅपॅसिटर मेलेला आणि चार इंचांवरचा ठणठणीत असू शकतो. प्रत्येकाचा ईएसआर, म्हणजे आतला अडथळा, मोजला. रेग्युलेटरच्या बोर्डवर तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून बसलेले २२० मायक्रोफॅरडचे दोन पार वाळलेले निघाले, ६ ओहमच्या आसपास, जिथे अर्धा ओहमही जास्त. त्यांच्या शेजारचे ४७ चे दोन उताराला लागलेले. हे चार १०५ अंशांचे नवे घातले, रेझिस्टरपासून जरा दूर. टोनच्या बोर्डवरचे, सिग्नलच्या वाटेतले सगळे उत्तम होते. ते तसेच ठेवले.

मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरवर खरा वाद होता. १५,००० छापलेले दोघे १४,१०० आणि १३,८०० भरले. काही वाजत नसताना रिपल (पुरवठ्यात उरलेली मेनची लहर) ०.१ व्होल्ट, भार दिल्यावर ०.८. हिशेबाने जेवढा यायला हवा तेवढाच. मग ते काढून काय मिळणार होतं? आजचे तेवढ्याच क्षमतेचे कॅपॅसिटर आकाराने निम्मे असतात, जुन्या पट्ट्यात बसत नाहीत, आणि भोकं पाडायला लागली की यंत्राची मोडतोड सुरू होते.

आउटपुट ट्रान्झिस्टरबद्दल तर मी ठाम होते. मूळ भाग चांगला असेल तर तो बाहेर काढून अनोळखी ठिकाणचा ‘नवा’ घालणं धोक्याचं. जुन्या क्रमांकांचे बनावट ट्रान्झिस्टर बाजारात भरपूर आहेत. वर नाव तेच, आत नखाएवढ्या जागी मोहरीएवढी चिप. मल्टिमीटरवर पास होतात, पहिल्या मोठ्या आवाजाला जातात.

गोंद

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका उकाड्याच्या संध्याकाळी दोन्ही चॅनलमधून ‘घूं’ असा आवाज यायला लागला, फक्त फोनोवर. अर्ध्या तासाने रेकॉर्ड लावली तरी सुईचा आवाज दबलेला. थंड झाल्यावर पुन्हा ठीक.

फोनो स्टेजला सर्वांत नाजूक काम असतं. कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या भागाचे) दोन-अडीच मिलिव्होल्ट उचलायचे, आणि रेकॉर्डसाठी १९५४ पासून चालत आलेल्या आरआयएए या प्रमाण वक्रानुसार खालचे सूर वाढवायचे. मेनची गुणगुण आत शिरली तर ती नेमकी त्या वाढवलेल्या भागात पडते. म्हणून फोनोच्या पुरवठ्यात जरा खोट आली की ती इथे आधी ऐकू येते.

पुरवठ्याच्या बोर्डवर कॅपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद होता. नवा असताना तो पिवळसर असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तपकिरी, मग काळपट होतो. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि ‘गोंद आहे’ म्हणून सोडला होता. जुना झाल्यावर हा गोंद ओलावा धरतो, वीज वाहू देतो आणि धातू खातो. त्याच्याखाली दबलेल्या झेनर डायोडचा (पुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) एक पाय हिरवा पडून केसाएवढा उरला होता. तापला की सुटायचा, थंड झाला की टेकायचा.

मित्राला सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सगळे कॅपॅसिटर काढले असतेस तर गोंद आपोआप निघाला असता."

त्याचं बरोबर होतं. मी अजूनही सगळं बदलण्याच्या बाजूची नाही, पण त्या दिवशी माझ्या पद्धतीतली फट मला दिसली. मी मोजता येईल तेवढंच तपासलं होतं. गोंदाला मीटर लागत नाही, डोळे लागतात. त्यानंतर मी प्रत्येक बोर्ड सुटा करून, भिंगाखाली, दोन्ही बाजूंनी पाहिला. लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो गोंद जिथे जिथे होता तिथून खरवडून काढला, त्याखालचे दोन डायोड, तीन रेझिस्टर आणि एक जंपर बदलला. या कामाला आधीच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. दोन रविवार पूर्ण. आता कुणी जुना अँप्लिफायर दाखवला तर मी मीटर काढायच्या आधी टॉर्च काढते.

ऐकणं

मामांना तो ‘जसा होता तसा’ हवा होता. नवा केलेला नको, सुधारलेला नको. पुढच्या दिव्यांच्या जागी एलईडी घालू का, विचारलं तर म्हणाले, "तो पिवळा उजेडच मला आठवतो." मग तेच तारेचे दिवे शोधून घातले. स्पीकर ‘ए’ वरच ठेवायचे, ‘ए अधिक बी’ दाबायचं नाही, एवढं मात्र सांगितलं. दोन जोड्या एकत्र लावल्या की भार निम्मा होतो, आणि मॅन्युअल त्या वेळी प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा मागतं. त्यांचे स्पीकर कागदावर ८ चे असले तरी खालच्या सुरात ५ पर्यंत उतरतात.

लाउडनेसच्या कळीला हल्ली लोक नाक मुरडतात. मला ती या यंत्राचा प्रेमळ भाग वाटते. आवाज कमी झाला की कान खालचे सूर आधी सोडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. ही कळ हळू आवाजात तेवढे सूर परत देते. रात्री मंद आवाजात ऐकणाऱ्या माणसासाठी ती बसवली आहे, आणि अशा ऐकण्यासाठीच बायसही नीट असावा लागतो. दोन्ही गोष्टी आता जागेवर होत्या.

पहिल्या दिवशी मामांनी एकट्या गायकाची रेकॉर्ड लावली, साथीला अगदी थोडी वाद्यं. दोन स्पीकरच्या मधोमध आवाज उभा राहिला. डाव्या-उजव्याचा तोल अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त ढळला तरी तो मधला आवाज सरकतो. कित्येक वर्षं तो त्यांच्यासाठी उजवीकडे झुकलेला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शांत भाग आला आणि त्यांचा हात सवयीने व्हॉल्यूमकडे गेला. इतकी वर्षं तो हात एकाच दिशेने फिरत आला होता, डावा परत यावा म्हणून. बटणावर बोटं ठेवून ते थांबले, आणि आवाज आणखी कमी केला.

सहा महिन्यांनी मी झाकण काढून पुन्हा मोजलं. बायस १९.६ आणि २०.३ मिलिव्होल्ट. डीसी दोन्हीकडे १२ च्या आत. आकडे पेन्सिलने तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिले, आधीच्या आकड्यांच्या खाली.